काठाचे दात

गावातलं विणकाम केंद्र बघायला पाहुणे आत आले तेव्हा वत्सलाबाई नंदनवार मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होत्या. त्या केंद्रात तेवीस वर्षं त्यांनी बायकांना करवतीच्या दातांसारखा काठ विणायला शिकवलं. यंदा नियम निघाला, शिक्षिका पदवीधरच हवी. वत्सलाबाई चौथी शिकलेल्या. त्यांची जागा प्रणिताला मिळाली, जिला त्यांनीच हात धरून धोटा टाकायला शिकवलं होतं; त्या मदतनीस म्हणून उरल्या.

"या कोण?" एका पाहुण्यांनी विचारलं.

"मदतनीस आहेत," प्रणिता वत्सलाबाईंकडे न बघता म्हणाली. "शिकवते मीच."

निदान नाव तरी सांगेल, असं वत्सलाबाईंना वाटलं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

पाहुणे चहाला गेल्यावर एक नवी विद्यार्थिनी मागापाशी आली. "बाई, माझ्या काठाचे दात वाकडे येऊन राहिले. तुमचे इतके सरळ कसे येतात जी?"

खुबी साधी होती. धाग्याला किती ताण द्यायचा, हे बोट धरून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. प्रणिताला ती कधीच जमली नव्हती. गावात आता दुसऱ्या कुणाला येतही नव्हती.

"मॅडमना विचार," वत्सलाबाई म्हणाल्या आणि पायांत चपला सरकवून घरी निघाल्या.