सात तासांचं विमान

“काकू, हे विमान जरा हळू चालवता येतं का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शलाकाने नैरोबीला उतरता उतरता पायलटबाईंना विचारलंच.

नागपूरहून नैरोबीच्या शाळेत पोचायला तिला रोज अकरा मिनिटं लागत. खिडक्या अर्थातच बंद.

पायलटबाई हसल्या. “पूर्वी सात तास लागायचे, पोरी. खाली समुद्र दिसायचा. शनिवारी एक जुनं विमान अजून तसंच जातं नागपूरला. पण बसतंय कोण?”

चार वर्षं शलाका रोज दोनदा समुद्र ओलांडत होती आणि तिने तो एकदाही पाहिला नव्हता.

संध्याकाळी आईने कपाळाला हात लावला. “सात तास नुसतं बसून करणार काय?”

“खाली बघणार. आई, बाबा, शनिवारी मी त्याच विमानाने येणार आहे. जेवायला माझ्यासाठी थांबू नका.”