तिसऱ्या खेपेला

वडिलांचा लहानपणी ताटातूट झालेला थोरला भाऊ शोधायचा, म्हणून लेकीने दोनदा परगावचे म्हातारे घरी आणले. दोन्ही वेळा वडील म्हणाले, "हा तो नव्हे गं."

दुसरा म्हातारा सुतार होता. परतीच्या बसची वाट बघताना तो म्हणाला, "रागावू नकोस पोरी, पण तू विचारतच नाहीस. घर नदीकाठी होतं ना, वडील शिंपी होते ना, असं सगळं तूच सांगतेस. एकट्या माणसाला कुणी आपलं म्हटलं, तर तो नाही कशाला म्हणेल?"

ती ओशाळली, पण बोलणं मनाला लागलं.

तिसऱ्या खेपेला एका घड्याळजीसमोर बसून ती एवढंच म्हणाली, "लहानपणचं काहीही सांगा." आणि जीभ आवरून गप्प राहिली.

"एक धाकटा भाऊ होता," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "त्याला दादा म्हणता यायचं नाही. दाजा म्हणायचा."

तिचे डोळे भरून आले. वडील आजही भावाची आठवण काढताना दाजाच म्हणत, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मग तिने त्यांना सुताराचं बोलणं सांगितलं आणि बाहेर येऊन त्याला फोन लावला. "सापडले! केवळ तुमच्यामुळे."

"छान झालं पोरी." तो जरा घुटमळला. "म्हणजे आता माझं काही काम उरलं नाही."

"असं कसं? आत दोघंही मला विचारतायत, तुझे हे धाकटे काका घरी कधी येणार?"