फळीवरचा चष्मा

लग्नं कशामुळे टिकतात, यावर मंजुश्री पीएच.डी. करत होती. ती स्वतः सहा महिन्यांपासून माहेरी राहत होती, हे मात्र कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारायचं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हा तिचा नियम. उदगीरच्या जगदेवीबाईंना तिने स्वयंपाकघरात विचारलं, "सोडून जावंसं वाटलं कधी?" "तीनदा निघाले की! माहेरची, देगलूरची गाडी धरायला स्टँडवर गेले. पर दर येळेस चष्मा मुद्दाम फळीवर ठिवून. त्याच्याबिगर मला गाडीची पाटी वाचता येत न्हाई. मग हे यायचे चष्मा घेऊन, आन् आम्ही दोघं घरी. ह्यांला नका सांगू बरं!" मग मंजुश्री घराच्या पुढच्या भागातल्या किराणा दुकानात त्यांच्या नवऱ्याकडे, मन्मथअप्पांकडे गेली. तोच प्रश्न ऐकून अप्पांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती चष्मा मुद्दाम ठिवती, मला पहिल्या येळेपासून ठाऊक हाय. पर तिला कळू देऊ नका. न्हाईतर पुढच्या येळेला घेऊनच जाईल." दोन्ही फॉर्म पिशवीत ठेवून मंजुश्री स्टँडवर आली. फोनमध्ये नवऱ्याचा महिन्यापूर्वीचा मेसेज उत्तराविना पडला होता. "तुझा जुना चष्मा इथंच राहिलाय. कुरिअर करू का?" तिने नाकावरचा नवा चष्मा सारखा केला आणि लिहिलं, "कुरिअर नको. तुम्ही घेऊन या."