नऊच्या नऊ

पोरीच्या पहिल्याच रॅप अल्बममध्ये नऊ गाणी, नऊ तऱ्हांची. एकात खडे बोल, एकात थट्टा, एक तर चक्क अंगाई! "लोक गोंधळतील, एकच तऱ्हा ठेव," असं कंपनीचे साहेब म्हणाले, तर ही म्हणते, "निघतील तर नऊच्या नऊ!" शेवटी साहेबांनी तिच्या कीर्तनकार वडिलांना बोलावलं. "काका, आता तुम्हीच समजवा तिला."

वडिलांनी डोळे मिटून सगळी गाणी ऐकली. "एका कीर्तनात मी लोकांना हसवतो, रडवतो, झापतो, गाऊन शांतही करतो. गोंधळून कुणी उठून गेलं नाही अजून. एकाही गाण्याला हात लावायचा नाही, साहेब!"

दारापाशी ते थबकले.

"मी आलो होतो हे तिला सांगू नका. रॅप करते म्हणून दोन वर्षं बोलत नाही मी तिच्याशी."