अंगठा तेवढा बाकी

तेराव्याचं आटोपल्यावर शेजारच्या सबनीसकाकूंनी अण्णांचा फोन वृंदाच्या हातात ठेवला. "रोज विचारायचे गं, लेकीचं पत्र का येत नसेल?"

"मी दोन वर्षांपूर्वीच पाठवलं होतं, काकू. त्यांनीच तोंडाला कुलूप लावलं."

भामट्यांच्या पत्रांना कंटाळून सगळ्यांनीच फोनवर राखणदार बसवला होता. अनोळखी पत्त्यावरून आलेलं पत्र पाठवणाऱ्यानं जिवंत अंगठा टेकवल्याशिवाय उघडतच नसे. भामटे खरोखरच थांबले होते.

वृंदानं अण्णांच्या राखणदाराचा कप्पा उघडला. तिचं पत्र तिथंच पडून होतं. तिचा पत्ता नवा, म्हणून त्यानं तिला विचारलं होतं, "आपण कोण?" आणि तो प्रश्न तिच्याच राखणदारानं अनोळखी म्हणून अडवला होता.

तिनं अण्णांच्या फोनच्या काचेवर आपला अंगठा टेकवला. "अण्णा, चुकलं माझं. येऊ का?" एवढंसं पत्र दोन वर्षांनी पोहोचलं.

अण्णांनी तिच्यासाठी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. ते आपोआप निघालं आणि तिच्या पिशवीतला फोन थरथरला. ती तो काढणार, इतक्यात हातातल्या अण्णांच्या फोनवर तिच्या राखणदाराचा प्रश्न उमटला: "आपण कोण? अंगठा लावा."