फटफटीचा विमा

१९३४ साली, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, विमा एजंट गुरुबसप्पा शुक्रवार पेठेत वेणीमाधवपंतांच्या ओसरीवर बसला होता आणि अंगणातल्या फटफटीकडे बघून हसू दाबत होता. गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना मिळेल त्या किमतीला ती विकून गेला होता. पंतांच्या मुलाने, मुकुंदने, ती घेतली तेव्हा पंत एवढंच म्हणाले होते, "याच्यापेक्षा बैल घेतला असतास तर निदान शेण मिळालं असतं."

"खरं सांगू का, मास्तर?" गुरुबसप्पा म्हणाला. मुकुंद शाळेत गणित शिकवायचा. "हप्त्यावर माझं पोट हाय, तरी सांगतो. आगीचा, चोरीचा विमा या गाडीला नको. चोर आला तरी ढकलून ढकलून दमंल, आन् हितंच आणून ठेवील. रस्त्यात कुणाला धडक बसली तर कंपनी भरपाई देईल, तेवढाच घ्या. चालवणारे तुमी एकटेच. एकट्याच्या नावावर घेतला की हप्ता लई उतरतो."

"मग तोच घे, मुकुंदा," पंत म्हणाले. घरात शेवटचा शब्द नेहमी त्यांचाच असे.

मुकुंदने मान हलवली. दाराआड उभी असलेली त्याची बायको, अनसूया, हे ऐकत होती.

अनसूया पुण्याला सुईणीचं शिक्षण घेऊन आली होती. आसपासच्या खेड्यांतून तिला बोलावणं यायचं, आणि बैलगाडी जुंपून तिथे पोचेपर्यंत पुष्कळदा उशीर व्हायचा. त्या भाद्रपदात धोत्रीची फुलाबाई तिची वाट बघत गेली. मूल पोटातच राहिलं. तिथून परतल्यावर अनसूया मुकुंदला म्हणाली, "मला फटफटी शिकवा." त्याने शिकवली. पहाटे दोघं गावाबाहेरच्या माळावर जात. पंतांना वाटे, सून नवऱ्याबरोबर फिरायला जाते.

आज मुकुंद वडिलांना सगळं सांगणार होता. सकाळीच त्याने तसं कबूल केलं होतं. एकट्याच्या नावाचा विमा झाला असता तर संपलंच होतं. तिच्या हातून कुणाला इजा झाली तर भरपाईत घर जाईल, या धास्तीने त्याने तिला पुन्हा फटफटीला हात लावू दिला नसता.

गुरुबसप्पाने टाक दौतीत बुडवला.

अनसूया बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ओसरीवर येण्याची तिची ती पहिलीच वेळ. पदर सावरत ती म्हणाली, "एकट्याच्या नावाचा नको. लायसन असलेल्या कोणीही चालवली तरी लागू होईल, असा मिळतो ना?"

"मिळतो की, वैनी. हप्ता वाढतो. पण या घरात दुसरं कोण चालवतंय?"

"मी."

मग मुकुंद जमिनीकडे बघत वडिलांना म्हणाला, "मीच शिकवलंय, अप्पा."

पंत उठले. अंगणात उतरून त्यांनी फटफटीभोवती एक फेरी मारली. मागच्या गादीवर हात दाबून पाहिला आणि परत येऊन बसले.

"गुरुबसप्पा, मागं बसणाऱ्याला काही झालं तर?"

"त्याचा येगळा विमा, पंत. गाडी स्वस्त म्हणून त्याचा हप्ता कमी होत न्हाय. माणूस स्वस्त नसतो की."

"मग दोन्ही लिहा. वाढीव हप्ता माझ्या पेन्शनीतून जाईल."

गुरुबसप्पाचा जीव भांड्यात पडला. "आता कळलं. मास्तर चालवणार, वैनी मागं बसणार. शोभून दिसंल."

पंतांनी त्याला दुरुस्त केलं नाही. अनसूयेला वाटलं, हेच सासऱ्यांचं उत्तर. तिची जागा त्यांनी तिला दाखवून दिली होती. ती आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली.

गुरुबसप्पाने पुढे अक्कलकोटला स्वतःची कचेरी थाटली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला हा किस्सा ऐकवला. मुकुंद हेडमास्तर झाला. शाळेत तो जन्मभर सायकलवरूनच गेला, कारण फटफटी त्याच्या वाट्याला फारशी आलीच नाही. अनसूयेने त्याच हिवाळ्यात लायसन काढलं. तिच्या हातून जन्मलेली मुलं पुढे नातवंडांची धनी झाली, तरी खेड्यांत तिला फटफटीबाईच म्हणत. जिथून तिला बोलावणं आलं नाही असं गाव त्या बाजूला उरलं नाही.

आणि वेणीमाधवपंत? घरंदाज सून एकटी, तीही फटफटीवर, बाहेर पडणार म्हणून पहिल्या दिवशी सबंध पेठ नावं ठेवायला दारात उभी होती. पण कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण मागच्या गादीवर, पागोटं उपरण्याने घट्ट बांधून आणि सुनेची औषधांची पेटी मांडीवर घेऊन, तिचे सासरे बसले होते.