ताईची शाल

वखारीतल्या हमालाच्या दोघी मुली. थोरलीने गिरणीमालकाचं घर गाठलं, धाकटी शिवणयंत्रापाशीच राहिली. पाठमोऱ्या दोघी इतक्या सारख्या, की आईसुद्धा फसायची. मग नशीब तेवढं एकीचंच का फळफळावं, म्हणून धाकटीच्या पोटात कायम दुखायचं.

त्या संध्याकाळी ताईकडे मेजवानी होती.

"गारठलीस की गं!" म्हणत ताईने स्वतःची रेशमी शाल तिच्या खांद्यांवर टाकली.

"आता परत मागू नकोस हं," धाकटी म्हणाली. "आणि जमलं तर नवराही असाच एखादा बघून दे."

ताई नुसती हसली आणि पाहुण्यांकडे गेली.

शाल लपेटून धाकटी खिडकीशी उभी राहिली. घटकाभर ते दिवाणखाने, ती झुंबरं, सगळं तिचंच झालं. तेवढ्यात मागून भाऊजी आले. तिचा दंड घट्ट धरून कानाशी पुटपुटले, "जेवताना एक शब्द बोलायचा नाही. किती वेळा सांगायचं? तू तोंड उघडलंस की लोकांना तुझ्या बापाची वखार दिसते."

धाकटी वळली नाही. ताई रोज हलवत असेल, तशी तिने फक्त मान हलवली.